टीव्हीने गावाची संध्याकाळ नेली का? गोव्यातल्या मंडळींशी बोलायचं आहे

अंत्रुजकर

टीव्हीमुळे समाज बिघडला की सुधारला, यावर शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांपासून रविवार पुरवण्यांपर्यंत सगळीकडे बोलून झालंय. बहुतेक वेळा चर्चा होते ती टीव्ही काय दाखवतो याची. मालिकांतली कारस्थानं, बातम्यांतला आरडाओरडा, जाहिरातींतला भपका. मला दुसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवायचंय. टीव्ही काय दाखवतो यापेक्षा तो कुठल्या वेळेला दाखवतो, याचा परिणाम आपल्या गावांवर जास्त झालाय असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा ही वेळ गावाची होती. ती आता वाहिन्यांची आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या फोंडा भागात जत्रा, काला, सप्ताह, शिगमो अशा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने देवळासमोर नाटक होतंच. करणारी माणसं गावातलीच. शाळामास्तर, सोसायटीतला कारकून, वायरमन, दुकानदार. महिना-दोन महिने तालमी चालायच्या, त्याही रात्रीच्या, जेवणं आटोपून. नाटक एका रात्रीचं, पण गाव एकत्र यायचा तो तालमींना. इथे भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांच्यातले जमिनीचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात. असा दावा चालू असलेल्या दोन घरांतली माणसं एकाच नाटकात बाप-लेक म्हणून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. कोर्टाच्या तारखेला एकमेकांकडे न बघणारी ही माणसं रात्री तालमीत एकमेकांची चुकलेली वाक्यं सावरून घेत. असं दुसरं ठिकाण गावात नव्हतं.

आता तालमीला माणूस मिळत नाही. मिळाला तर 'साडेनऊनंतर बघू' म्हणतो. बायका बघायला यायच्या, त्या येत नाहीत. भजनाची तीच गत. पेटी वाजवणारा आहे, तबलजी आहे, मागे झांज धरायला कोणी नाही.

हे नेमकं कधी बदललं याचा विचार केला तर मला एक गोष्ट दिसते. 'रामायण' मालिका २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दूरदर्शनवर लागली. त्याच काळात, ३० मे १९८७ ला, गोवा घटकराज्य झाला. गावात टीव्ही दोन-तीन घरांत. रविवारी सकाळी त्या घरांत पाय ठेवायला जागा नसे. लोक आंघोळ करून येत, खाली चटईवर बसत. म्हणजे टीव्ही आला तेव्हा त्याने माणसं जमवलीच होती, आणि तीसुद्धा आठवड्यातून एक सकाळ. उरलेला आठवडा गावाचा गावाकडेच होता. घाव बसला तो पुढे. १९९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, १९९९ साली अल्फा मराठी, २००० साली ई टीव्ही मराठी. हळूहळू साप्ताहिक मालिकेची दैनंदिन मालिका झाली. रोज, ठरलेल्या वेळी, आपल्या भाषेत, आणि एक भाग चुकला तर उद्याचा कळणार नाही अशी गुंफलेली. तोवर घराघरात स्वतःचा संचही आला होता. शेजारी जायचं कारण उरलं नाही.

हे नुसतं माझं गाऱ्हाणं नाही. इंडोनेशियात जावा बेटावर बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथे डोंगरांमुळे काही गावांत टीव्हीचं प्रक्षेपण नीट पोचतं, काहींत पोचत नाही. डोंगर कुठे असावा हे गावकऱ्यांच्या हातात नसतं, म्हणून तुलना खरी ठरते. जिथे जास्त वाहिन्या दिसत होत्या तिथे लोक गावातल्या मंडळांत, बैठकांत कमी भाग घेत होते आणि एकमेकांवरचा विश्वासही कमी नोंदवत होते. कुठली वाहिनी बघता हा तिथे प्रश्नच नव्हता.

तुमच्या गावात काय अनुभव? पेडणे, काणकोण, सत्तरी, सासष्टी, सगळीकडच्यांनी लिहा.

डिचोलीची_सून

अंत्रुजकर, लेख मनापासून लिहिलाय हे कळतं. पण तुम्ही ज्याला 'गावाची संध्याकाळ' म्हणता ती अर्ध्या गावाची होती. तालीम कोण करायचं? पुरुष. तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, कोण बसायचं? पुरुष. भजनाला पुढे कोण? तेच. आम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात होतो. तुमची 'जेवणं आटोपून' ही तालीम सुरू व्हायची तेव्हा आमची भांडी घासायची राहिलेली असायची.

माझ्या सासूबाईंचं सांगते. वयाच्या विसाव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हापासून संध्याकाळी पाच मिनिटं बसलेल्या त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. घरात केबल आली आणि साडेसात ते साडेआठ ही वेळ पहिल्यांदा त्यांची झाली. त्या वेळी मामंजींनी चहा मागितला तर 'जाहिरात लागूं दी' म्हणायच्या. माझ्या लेखी ही लहान गोष्ट नाही.

आणि 'काय दाखवतात' याने फरक पडत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. आमच्या घरच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकींना बोलावत नसत. त्यांचे यजमान फार लवकर गेले. एका मालिकेत विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलावण्यावरून घरात वाद होतो, असे काही भाग लागोपाठ लागले होते. सासूबाई आणि त्यांच्या दोन जावा रोज बघत आणि रोज भांडत, 'ती बरोबर', 'ती चूक' करत. पुढच्या संक्रांतीला सासूबाई स्वतः उठून काकींकडे आमंत्रण द्यायला गेल्या. काकी आधी 'नको गे' म्हणाल्या, मग आल्या, दाराशीच बसल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना आत आपल्या बाजूला बसवलं. मी एवढी शिकलेली सून, पाच वर्षं सांगत होते तर मला 'तुला काय कळतं' मिळायचं. टीव्हीवरच्या बाईंचं ऐकलं, कारण ती बाई उपदेश करत नव्हती, तिची गोष्ट चालू होती.

तुम्ही जावा बेटाचं दिलंत, मी घरचं देते. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी भारतातल्या खेड्यांत केबल आल्यावर बायकांच्या आयुष्यात काय बदललं ते तपासलं. पाहणी २००१ ते २००३ या काळातली, आणि ज्या मोजक्या राज्यांत ती झाली त्यांत आपला गोवाही होता. ज्या गावांत त्या काळात नव्याने केबल आली तिथे 'नवऱ्याने मारलं तर चालतं' असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. घरातल्या निर्णयांत आपलं मत घेतात असं सांगणाऱ्या वाढल्या. त्या मालिका काही फार थोर नव्हत्या. पण त्यांतल्या बायका शहरात राहत होत्या, एकट्या बाहेर जात होत्या, पैसे हाताळत होत्या. खेड्यातल्या बाईला तेवढं दिसणंही पुरलं.

अंत्रुजकर

ताई, बायकांच्या वेळेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तालमी पुरुषांच्याच होत्या. पण बायकांचं म्हणून काहीच नव्हतं असंही नाही ना? पौषातले धालो, म्हणजे बायकांची गाणी आणि नाच, मांडावर (त्यासाठी राखलेल्या अंगणात) रात्रभर चालायचे, तिथे पुरुषांना मज्जाव. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) फुगड्या होत्या. धालोच्या रात्री किती गावांत कमी झाल्या ते बघा. तिथेही टीव्हीने हात मारलाच.

डिचोलीची_सून

धालो वर्षातून पाच-सात रात्री. उरलेल्या रात्रींचं काय? धालो टिकायला हवेत, मी स्वतः जाते. पण त्यांचं नाव पुढे करून बाईच्या रोजच्या तासाभराच्या विसाव्यावर बोट ठेवू नका.

पेडणेकर_आख्यानवाला

आमच्याकडचं चित्र वेगळं आहे म्हणून लिहितो. पेडण्यात दहीकाल्याला दशावतारी नाटक अजून गच्च भरतं. कंपन्या बहुतेक सिंधुदुर्गातून येतात. रात्री उशिरा सुरू झालेलं आख्यान पहाटेपर्यंत चालतं आणि पोरंसोरं सोडा, म्हातारी माणसंही उठत नाहीत. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट तिथल्या तिथे संवाद रचतो. चांगला खलनायक असेल तर लोक मोटारसायकली काढून वीस किलोमीटर जातात. त्यांच्याही घरी टीव्ही आहेच की.

मग तुमच्या नाटकाला माणूस का नाही? माझं निरीक्षण असं की दशावतारी नट हा पोटासाठी नाटक करतो आणि प्रेक्षक फक्त एक रात्र देतो. तुमचं हौशी नाटक माणसाकडे दोन महिने मागतं. दोन महिने देणारा माणूस टीव्हीने नाही नेला, नोकरीने नेला. आमच्याकडे मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून माझ्या ओळखीची निम्मी पोरं शिफ्टमध्ये आहेत. बाकीची हॉटेलांत, औद्योगिक वसाहतींत. रात्रपाळीचा मुलगा तुमच्या तालमीला येणार कसा? तो घरी येऊन टीव्हीसमोर बसतो तेव्हा आपल्याला टीव्ही दिसतो, पाळी दिसत नाही.

अंत्रुजकर

हा मुद्दा मोलाचा. शिफ्टचा विचार मी केला नव्हता असं नाही, पण मला तो दुय्यम वाटत होता. तरी एक विचारतो. ज्यांची दिवसपाळी आहे, सरकारी नोकरी आहे, तेही येत नाहीत. त्यांचं काय?

सत्तरीच्या_बाई

मी वाळपईजवळच्या शाळेत प्राथमिकला शिकवते. मोठ्यांच्या संध्याकाळींवर तुम्ही बोलताय, मला लहानांवर बोलायचंय, कारण तिथे जे होतंय ते नंतर भरून काढता येत नाही.

पहिलीत येणाऱ्या मुलांना घरची कोकणी येते, मराठी गोष्टी-गाण्यांतून कानावर असते. गेली काही वर्षं एक तिसरीच गोष्ट दिसते. मूल आपापसात खेळताना हिंदीतून बोलतं. घरात कोणी हिंदी बोलत नाही, शेजारी नाही, शाळेत तर नाहीच. ती कार्टूनची हिंदी. मागच्या वर्षी एक मुलगा मला 'बाई, मेरे को प्यास लगी है' म्हणाला, तेही अगदी टीव्हीतल्या पात्राचा सूर लावून. त्याला तहान लागल्याचं आजीकडे कोकणीतून सांगायची वेळच आली नव्हती, कारण पाणी मागायच्या आत बाटली हातात आणि डोळे पडद्यावर. मूल हिंदी शिकतंय याचं मला वाईट नाही वाटत. वाईट याचं वाटतं की टीव्ही बोलतो, ऐकत नाही. मूल जेव्हा आजीशी बोलतं तेव्हा आजी 'म्हणजे काय रे?' विचारते, मग मूल पुन्हा सांगतं, वेगळ्या शब्दांत सांगतं. भाषा तिथे वाढते. टीव्हीसमोर मूल फक्त ऐकून घेतं. तिसरीपर्यंत पोचलेली काही मुलं पाठ केलेलं धडाधड म्हणतात, पण 'काल संध्याकाळी काय केलंस' याला चार वाक्यं सलग सांगता येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. पालकसभेत हे सांगितलं की आया माना डोलावतात आणि मग एखादी हळूच म्हणते, 'बाई, टीव्ही लावल्याशिवाय जेवतच नाही.' तिला दोष देववत नाही. ती एकटी आहे, सासू शेतात, नवरा फोंड्याला कामाला. मी एवढंच सांगते की जेवताना लावायचाच असेल तर बाजूला बसा आणि बोला. हा कोण, हा का रडतो, आता काय करेल. मूल उत्तर देऊ लागलं की टीव्हीसमोरही ते गप्प गिळत नाही. हे केलेल्या दोन-तीन घरांतल्या मुलांत मला फरक दिसलाय.

दुसरं, मुली. चौथी-पाचवीच्या मुली 'मी काळी आहे म्हणून मला गॅदरिंगला राणी करणार नाहीत' म्हणतात. हे त्यांना कोणी शिकवलं? मालिकेतली मोलकरीण सावळी आणि नायिका गोरी, आणि मधल्या वेळात क्रीमची जाहिरात. फिजी बेटांवर एका भागात १९९५ साली टीव्ही पोचला. ॲन बेकर या संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली पाहणी केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा निघाल्या. आणि त्या समाजात भरलेलं शरीर हे चांगल्या घरचं लक्षण मानत होते! म्हणून ताई, 'दिसणंही पुरलं' हे तुमचं वाक्य मला पटतं, पण ते दोन्हीकडून खरं आहे.

डिचोलीची_सून

बाई, हे वाचून गप्प बसले. माझी मुलगी सातवीत आहे. तुम्ही म्हणता तसं तिच्या तोंडून मी ऐकलंय.

आखातातून

मी काणकोणचा, सध्या मस्कतला. माझे बाबा गावी एकटे राहतात. आईला जाऊन काही वर्षं झाली, बहीण पुण्याला. गोव्यात अशी घरं किती आहेत ते इथल्यांना सांगायला नको. कोणी तारवटी (बोटीवर नोकरीला), कोणी आखातात, कोणी लंडनला, आणि मोठ्या घरात एक म्हातारं माणूस.

बाबांचा टीव्ही सकाळी उठल्यापासून चालू असतो. शेजारी म्हणतात आवाज फार मोठा. मी फोन केला की मागे मालिकेचं संगीत. पूर्वी मला राग यायचा. आता बाबा फोनवर मला त्या पात्रांची खुशाली सांगतात, अमकीचं लग्न मोडलं, तमका आजारी आहे, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात जी उभारी असते ती 'जेवलात का, औषध घेतलंत का' याच्या उत्तरात नसते. दिवसभरात घडलेलं दुसऱ्याला सांगावं ही माणसाची गरज आहे. त्यांच्या दिवसात घडायचं असं फार उरलेलं नाही, मालिकेत रोज काहीतरी घडतं.

टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं, तेव्हा बाबा आंघोळ करून, धोतर नेसून बसायचे. त्या दिवसांत त्यांना सांभाळलं ते त्या मालिकेने, हे मी कधी विसरणार नाही.

तरी अंत्रुजकरांचं म्हणणं मला कळतं. माझ्या लहानपणी असं एकटं माणूस असतं तर संध्याकाळी कोणीतरी सोप्यावर येऊन बसलं असतं. आता जो यायचा तोही आपल्या घरी मालिका बघतोय. म्हणजे एकटेपणावर औषध टीव्हीच देतो आणि एकटेपणात त्याचा हातही आहे. मला यातून वाट दिसत नाही, पण बाबांचा टीव्ही बंद करा असं कोणी म्हणालं तर मी ऐकणार नाही.

मुरगांवकर

बातम्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावर एका तरुण मुलाचा अपघाती मृत्यू झाला. शव अजून घरी आलं नव्हतं आणि एका वाहिनीची माणसं अंगणात. आईला बातमी नीट सांगितलीही नव्हती. तिला ती कळली माईक पुढे आल्यावर. वाड्यावरच्या पोरांनी त्यांना फाटकाबाहेर काढलं तर संध्याकाळी 'पत्रकारांना धक्काबुक्की' अशी पट्टी फिरत होती. त्या घरात आजतागायत कुठल्याही बातम्या लावत नाहीत.

असं का होतं? कारण पैसा टीआरपीवर येतो. २०२० च्या ऑक्टोबरात टीआरपीत फेरफार केल्याचे आरोप झाले, तेव्हा टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणंच थांबवलं, ते मार्च २०२२ पर्यंत. जवळपास दीड वर्ष कुणाला किती प्रेक्षक हे जाहीर होत नव्हतं, तरी चर्चेच्या नावाखाली आठ चौकटींत आठ माणसं ओरडायची थांबली नाहीत. सवय इतकी मुरलेली.

अमेरिकेत जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने दाखवून दिलं होतं की जी माणसं खूप टीव्ही बघतात त्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतं. हे मी माझ्या आईत बघतो. आमचं दार दिवसभर उघडं असायचं. पोदेर आला की पाव सोप्यावर ठेवून जायचा. आता गुन्ह्यांवरचे कार्यक्रम बघून ती भरदिवसा कडी घालते. वास्कोत चोऱ्या होतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण तिची भीती वास्कोतली नाही, दिल्लीतली नि मुंबईतली आहे.

आता गोव्याचं म्हणून एक. 'बार्क' जिथे मराठी वाहिन्यांचे प्रेक्षक मोजतं त्या बाजाराचं नावच 'महाराष्ट्र / गोवा' आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख, गोवा १४ लाख ५८ हजार. दोन्ही मिळून शंभर माणसांत गोव्याचा जेमतेम सव्वा. तेव्हा मालिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर आपण कशाला असू? मालिकेत गोवा येतो तो मित्रमंडळी समुद्रावर जाऊन दारू पितात तेव्हा. आमच्या वास्कोतल्या दामोदराचा भजनी सप्ताह शंभराहून जास्त वर्षं चालतोय, चोवीस तास अखंड, साखळी न तोडता एकामागून एक भजनाच्या पाळ्या करत. तो कुठल्या मराठी मालिकेतल्या घरात कोणी बोलला तरी आहे का? आपण रोज तीन तास दुसऱ्यांची घरं बघतो आणि त्यांत आपल्यासारखं एकही घर नसतं. पोरांना वाटायला लागतं की खरं आयुष्य पुण्या-मुंबईत चालतं, आपलं फक्त मागे पडलेलं आहे. मला टीव्हीचा सगळ्यात मोठा परिणाम हाच वाटतो, आणि तो मोजायचं यंत्र कुणाकडे नाही.

आकडेमोड

अभ्यासांची नावं आली म्हणून दोन शब्द. जेन्सन-ऑस्टर यांचं काम महत्त्वाचं आहेच. पण त्याच आकडेवारीची पुढे दुसऱ्या संशोधकांनी फेरतपासणी केली आणि बायकांचं स्वातंत्र्य ज्या प्रश्नांवरून मोजलं त्या पद्धतीवर आक्षेप घेतले. 'निर्णय कोण घेतं' या प्रश्नाला बाईने 'मी' म्हटलं म्हणजे ती मोकळी झाली असं सरसकट धरता येत नाही. तेव्हा निष्कर्ष टाकून देऊ नका, पण दगडावरची रेघही मानू नका.

ब्राझीलमध्येही असंच दिसलंय. तिथल्या ग्लोबो वाहिनीच्या मालिकांत नायिकांना मुलं नसायची किंवा एखादंच असायचं. ती वाहिनी जसजशी नव्या भागांत पोचली तसा तिथला जन्मदर आणखी उतरला. कुटुंबनियोजनाचा प्रचार करायचा म्हणून त्या मालिका काढलेल्या नव्हत्या. नकळत दाखवलेलं जास्त मुरतं, असा याचा अर्थ मी लावतो. मुरगांवकर म्हणतात त्या न दाखवलेल्या गोव्यालाही हेच लागू.

एक जुना प्रयोग मात्र इथे आठवावा असा आहे. १९७५-७६ साली 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांना उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज गावी एक छोटा प्रक्षेपक उभा राहिला. तिथले कार्यक्रम तिथल्या बोलीत, तिथल्या माणसांना घेऊन, तिथल्याच प्रश्नांवर केले जात. मजुरी बुडवणं, अस्पृश्यता, दूध सोसायटी. गावात एक सार्वजनिक संच, सगळे एकत्र बसून बघणार. १९८४ साली त्या प्रकल्पाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाच्या रेट्यात तो बंद पडला. म्हणजे टीव्ही आणि गाव यांचं वैर असायलाच हवं असं नाही. गाव टीव्हीत असलं तर?

अंत्रुजकर

पीजचं मला नवीन. हे वाचून एकदम पुढचंच सुचतंय. गोव्यात स्थानिक वाहिन्या आहेत. चवथीला घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवून म्हटलेल्या आरत्यांच्या स्पर्धा, माटोळ्या (गणपतीवर बांधलेली फळाफुलांची आरास), भजन स्पर्धा दाखवतात आणि लोक बघतात. मग वर्षभर का नाही? इथे केबलच्या धंद्यातलं कोणी आहे का?

केबल_फोंडा

मी आहे. वीसेक वर्षं याच धंद्यात काढली, म्हणून स्पष्ट लिहितो.

चवथीचे सात-आठ दिवस आमच्या लोकल चॅनलवर घुमट आरत्या लागतात तेव्हा मला मालिकांच्या वेळेतही फोन येतात, 'आमच्या वाड्याची कधी लावणार?' हे मी दरवर्षी अनुभवतो. आपलं माणूस पडद्यावर दिसलं की लोक मालिका सोडतात. पण ते सणापुरतं. वर्षभर चालवायला रोज नवं काहीतरी लागतं आणि ते बनवायला माणसं नाहीत. कॅमेरा आता स्वस्त झाला, एडिटिंग पोरं मोबाईलवर करतात, अडचण तिथे नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामकाचे नवे दर आले, १३० रुपयांत शंभर मोफत चॅनल आणि बाकीचे निवडून घ्यायचे. तेव्हा हिशेब कळला की म्हाताऱ्या माणसांची घरं मराठी मालिकांचे चॅनल कधीच सोडत नाहीत, बाकी काहीही सोडतील. तरुण पोरं तर केबलच सोडून मोबाईलवर गेली. म्हणजे आखातातल्या भावाच्या बाबांसारखे प्रेक्षक आमच्याकडे उरलेत. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर ते दुपारी करा, तीन ते पाच. त्या वेळी सगळीकडे कालचेच भाग पुन्हा लागतात.

नाटकाचं म्हणाल तर एक अडचण आधीच सांगतो. जत्रेचं नाटक रेकॉर्ड करून दाखवायचं तर लेखकाची प्रक्षेपणाची लेखी परवानगी लागते. प्रयोगाचं मानधन भरलं म्हणजे ती मिळाली असं होत नाही. गाण्यांचंही तसंच. मागे एका मंडळाने न विचारता चढवलं आणि नोटीस आली. त्यापेक्षा नाटक नको, माणसं आणा. सत्तरीच्या बाईंच्या शाळेतली आजी गोष्ट सांगतेय आणि पोरं मध्ये मध्ये विचारतायत, असं काहीतरी. परवानगी फक्त आजीची आणि पोरांच्या आईबापांची.

सत्तरीच्या_बाई

आजी माझ्याकडे तीन तयार आहेत. एक धालोची गाणी सांगते, एक औषधी पाल्याबद्दल, तिसरी नुसत्या भुतांच्या गोष्टी. मुलांना तिसरीच हवी असेल हे आधीच सांगते. पालकांची संमती लेखी घेईन. शाळेच्या वर्गात चित्रण करायला वरून परवानगी काढावी लागेल, म्हणून आजीच्या अंगणात करू.

डिचोलीची_सून

धालोचं चित्रण करायचं असेल तर त्या मांडावरच्या बायकांना आधी विचारा. काही गावांत ते बाहेर दाखवलेलं चालत नाही. आणि कॅमेरा बाईच्याच हातात हवा. माझ्या ओळखीच्या दोन मुली आहेत, त्या लग्नांचं शूटिंग करतात.

केबल_फोंडा

चालेल. दुपारचा अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, पैसे घेणार नाही. पहिले चार भाग तयार करून एकदम आणा, एकेक करून आणू नका, मध्येच खंड पडला की लोक परत फिरकत नाहीत. आवाजाचं बघा. अंगणात वारा असतो, माईकला स्पंज लावा, नाहीतर आजी काय बोलते ते कुणालाच कळायचं नाही. व्यक्तिगत निरोप पाठवतो, नंबर तिथे घ्या.